एक जूनची पद्मजा

रायस्वाइक
८ नोव्हेंबर २०१३

चि. पद्मास,

वसुताईचे आशीर्वाद, आणि सोबत थोडी चिडचिड. फोनवर बोलायचं नाही, ई-मेल करायचा नाही, असं तू बजावलंस म्हणून हा कागद. तुझे वकील आता तुझे ई-मेलसुद्धा चाळतात म्हणे. आतेबहिणीला चार ओळी लिहायच्या तर टपालाचं तिकीट शोधायला लावतेस!

तर तुझ्या नेमणुकीच्या चौकशीचा पाहुणा मंगळवारी येऊन गेला. अमेरिकन वकिलातीतला, उंच, सभ्य, बूट दाराबाहेर काढून आला म्हणून पहिल्याच पावलाला पास. तू पंच्याण्णव साली वर्षभर आमच्याकडे राहून इथे हेगच्या युद्धगुन्ह्यांच्या लवादात काम केलंस, ते सगळं त्याला ठाऊक होतं. मग प्रश्न सुरू. पद्मजा दारू पिते का? म्हटलं, चहा पिते, तोही गार करून. कुणाशी वैर? म्हटलं, माझ्या नवऱ्याशी, बुद्धिबळात. सुदर्शन आतून खोकला. तुझ्या स्वभावाबद्दल विचारलं तेव्हा मी खरं तेच सांगितलं, की सोलापुरात आम्ही एका घरात वाढलो आणि भांडणात ही आधी दोन्ही बाजू ऐकून घ्यायची, मग स्वतःचीच बाजू खरी ठरवायची. तो खूप हसला.

फराळाचं ताट पुढे ठेवलं. त्याला चकली फार आवडली. म्हटलं, घ्या, परवाच तर तिचा वाढदिवस झाला, पाडव्याचा. तो हातातला कागद बघून म्हणाला, "एक जून ना?" मी म्हटलं, अहो, ती शाळेतली तारीख! माझे वडील तिथे हेडमास्तर. मूल सहाचं झालेलं नसलं की अण्णा दाखल्यावर एक जून टाकायचे, आईबापांचं वर्ष वाचायचं. पद्मजा त्यांची सख्खी भाची, तिलाही तोच प्रसाद. आमच्या पेठेतली अर्धी मुलं एक जूनला जन्मलेली आहेत. तो पुन्हा हसला, काहीतरी लिहून घेतलं आणि आणखी एक चकली उचलली.

फेडरल अपील कोर्ट! मी सुदर्शनला दोनदा विचारलं, म्हणजे नक्की किती वर? तो म्हणाला, त्याच्या वर फक्त सर्वोच्च न्यायालय. अण्णा असते तर पेठेत पेढे वाटत फिरले असते. तुला आणि अरुणला जोडीनं आशीर्वाद.

वसुताई


कोलंबस, ओहायो
१८ नोव्हेंबर २०१३

ती. वसुताईस सा. न.

तुझं पत्र कोर्टातून आल्यावर दारातच वाचलं. नंतर बराच वेळ कोट अंगावर तसाच होता.

रागावत नाही. तुला काय ठाऊक! पण नीट समजून घे. माझ्या पासपोर्टावर, नागरिकत्वाच्या अर्जावर, वकिलीच्या सनदेवर, जिल्हा न्यायाधीश झाले तेव्हाच्या कागदांवर, सगळीकडे एक जून १९६० आहे. त्यातल्या बहुतेक ठिकाणी मी शपथेवर सही केली आहे. आत्ताही, या नेमणुकीसाठी, केली आहे. आमच्याकडे नुसतं राष्ट्राध्यक्षांनी नाव देऊन भागत नाही. सिनेटची समिती समोर बसवून प्रश्न विचारते, मग मतदान होतं. माझं नाव पडावं म्हणून माझा शब्द न् शब्द उकरणारे लोक आहेत. त्यांना गुन्हा नको असतो, टीव्हीवर वाचायला एक वाक्य हवं असतं. "ही बाई स्वतःच्या जन्मतारखेबद्दल शपथेवर खोटं बोलली." बस, एवढं पुरे आहे.

तो माणूस परत येईल. आला की सांग, आम्ही घरात वाढदिवस तिथीनं करतो, चांद्र पंचांगाप्रमाणे, म्हणून तारीख पुढेमागे होते. शाळेचं तू गमतीनं म्हणालीस. अमेरिकन माणसाला हे पटतं, त्याला त्यातलं काही तपासता येत नाही. एवढंच कर. बाकी मी बघेन.

हे पत्र वाचून फाडून टाक.

तुझी पद्मा


रायस्वाइक
३० नोव्हेंबर २०१३

पद्मा,

आशीर्वाद पुढच्या पत्रात. आज रागावले आहे.

तिथीनं? अगं, ज्येष्ठातली तिथी कार्तिकात कशी येईल? तिथी मागेपुढे होते ती पंधरा-वीस दिवस. जून आणि दिवाळी यांच्यात अख्खा पावसाळा आहे! हे सांगताना मलाच हसू फुटेल, आणि त्या भल्या माणसासमोर हसू फुटलं तर मग रडूही येईल.

आणि मी कोण आहे, विसरलीस? या देशात मी नवऱ्याच्या व्हिसाला लटकून आले, दहा वर्षं पोळ्या लाटल्या, मग डच शिकले, परीक्षा दिल्या आणि हेगच्या कोर्टात हात वर करून दुभाषी म्हणून शपथ घेतली. हिंदीतून डच, मराठीतून डच. समोरचा शिव्या देत असेल तर मी शिव्याही जशाच्या तशा देते. एक शब्द आपल्या पदरचा घालायचा नाही, एक गाळायचा नाही, यावर माझी भाकरी आहे. मला तू खोटं बोलायला सांगतेस, आणि तेही असलं कच्चं.

इथं यातलं कुणाला काही वाटत नाही. कुठून कुठून आलेल्या माणसांना स्वतःची तारीख ठाऊक नसते, मग नगरपालिकेत, खेमेंतेत, एक जानेवारी लिहितात. माझ्या समोर कोर्टात रोज एखादा एक जानेवारीवाला उभा असतो. न्यायाधीश मान हलवतात, पुढे जातात. तू आत्ताच सांगून टाक ना. अजून नाव जाहीर झालेलं नाही. म्हण, आमच्याकडे अशी पद्धत होती, मामानं लिहिलं, मी सहा वर्षांचीही नव्हते. हसून सोडतील.

पत्र मी फाडलेलं नाही. फाडाफाडी मला जमत नाही.

वसुताई


कोलंबस
२५ जानेवारी २०१४

ती. वसुताईस सा. न.

बातमी तुला तुझ्या लेकीनं, ज्ञानदानं, नेटवर दाखवली असेलच. बुधवारी माझं नाव अधिकृतपणे सिनेटकडे गेलं. सकाळी राजधानीतून फोन आला तेव्हा मी एका कंत्राटाच्या भांडणाची सुनावणी घेत होते. चिठ्ठी आली, वाचली, घडी केली आणि वकिलांना म्हटलं, चालू द्या. जेवणाच्या सुट्टीत चेंबरचं दार लावलं आणि आईचा फोटो बघत बसले. सोलापूरच्या मुलींच्या शाळेतून इथवर, वसुताई. सरकारी वकील असताना पहिल्या दिवशी मला टायपिस्ट समजून कुणीतरी कागद दिले होते टंकायला. तो माणूस परवा अभिनंदनाला आला होता.

चौकशीचा अहवाल स्वच्छ गेला, असं माझे वकील म्हणाले. म्हणजे तो माणूस परत आला असणार आणि तू सांभाळून घेतलंस. तुझ्या पत्रातला राग मला लागला होता, खोटं कशाला सांगू. पण तू रागावतेस आणि मग करतेस, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. हे उपकार मी विसरणार नाही.

समितीपुढे माझी सुनावणी दोन एप्रिलला आहे. अरुणनं आत्तापासून टाय निवडायला घेतलाय.

तुझी पद्मा


रायस्वाइक
९ फेब्रुवारी २०१४

पद्मा,

मी काहीही सांभाळलेलं नाही. तो परत आलाच नव्हता. परवा शुक्रवारी आला.

तसाच सभ्य. म्हणाला, फाइल बंद करताना एका वरिष्ठानं ती जन्मतारखेची ओळ बघितली आणि खुलासा मागितला. मी मागे जे बोलले त्याचा अर्थ काय, ते लिहून, सही करून, एकतीस मार्चपर्यंत वकिलातीत द्यायचं. तोंडी नाही, लेखी. मी म्हटलं, देते. अर्थ काय ते मात्र बोलले नाही. चहाही केला नाही, हे त्याच्या लक्षात आलं असावं.

पण आज लिहितेय ते त्यासाठी नाही. ज्ञानदा सुट्टीला मास्ट्रिख्टहून आली आहे. कायदा शिकतेय, तुझं नाव जाहीर झाल्यापासून तिच्या अंगात वारं शिरलंय, तुझे जुने निकाल काढून वाचत असते. काल रात्री जेवताना तिनं एक निकाल वाचून दाखवला, म्हणे हा तुझ्या बाजूचे लोक फार वाखाणतात. गुलबर्ग्याकडचा एक आचारी. नागरिकत्वाच्या मुलाखतीत शपथेवर एक जून म्हणाला, दवाखान्याच्या दाखल्यावर निघाली फेब्रुवारी. तो म्हणाला, हेडमास्तरांनी लिहिली, आमच्याकडे असंच करतात. आणि तू लिहिलंस की जन्मतारीख ही सोय नाही, जो माणूस ठाऊक असलेली खोटी तारीख शपथेवर सांगतो त्याच्या बाकीच्या शब्दांवर देशानं विश्वास का ठेवावा? अर्ज फेटाळला.

ज्ञानदाला मराठी सगळं कळतं, बोलते डचमध्ये. तिनं वाचणं थांबवून मला विचारलं, "आई, पद्मामावशीचीही तीच तारीख आहे ना?" मी भात वाढत होते.

गुलबर्गा आपल्यापासून किती लांब गं? सकाळच्या गाडीला बसलं तर दुपारच्या जेवणाला घरी. त्याच्या हेडमास्तरानं अण्णांपेक्षा वेगळं काय केलं होतं? तू ते लिहिताना तुझा हात थांबला नाही? मला सांग, तो निकाल तूच लिहिलास का? तुझ्या हाताखालच्या कुणी लिहिला असेल आणि तू नुसती सही केली असशील तर तसं सांग. मी विश्वास ठेवीन.

वसुताई


कोलंबस
२० फेब्रुवारी २०१४

वसुताई,

निकाल मीच लिहिला. शब्द न् शब्द माझा आहे. आणि कायद्यानं तो बरोबर आहे.

न्यायाधीशानं समोर आलेल्या पुराव्यावर बोलायचं असतं, स्वतःच्या घरात काय चालायचं त्यावर नाही. त्याच्या वकिलानं त्या पद्धतीचा एकही पुरावा दिला नाही. मी माझ्या माहितीवर त्याला सोडला असता तर तो पक्षपात झाला असता. शिवाय त्या माणसाला खरी तारीख ठाऊक होती आणि ती लपवण्यात त्याचा फायदा होता. माझा कधी काही फायदा झाला नाही. हा फरक ज्ञानदाला समजावून सांग, ती वकील होणार आहे.

हे सगळं मी तुला न्यायाधीश म्हणून सांगितलं. आता बहीण म्हणून सांगते. तू खरं लिहिलंस तर मी संपले. अपील कोर्ट तर सोडच. "आचाऱ्याला जी शिक्षा दिली ती स्वतःला का नाही?" असं विचारतील आणि माझी आत्ताची खुर्चीही राहणार नाही. तीस वर्षं मी या एका गोष्टीसाठी जगले. मूलबाळ नाही, माहेर नाही, आई गेली तेव्हा मी खटल्यात होते. तुला वाटत असेल मला याचं काही नाही. फार आहे.

मी कधी बोलले नाही आणि आजही बोलू नये, पण बोलते. पंच्याण्णवच्या हिवाळ्यात तू दवाखान्यात होतीस, कुणाशी बोलत नव्हतीस, जेवत नव्हतीस. डॉक्टरांनी सुदर्शनभावजींना सांगितलं होतं की मुलीला सध्या आईजवळ आणू नका. तेव्हा तीन वर्षांची ज्ञानदा माझ्या कुशीत झोपायची. मी ते प्रेमानं केलं. पण केलं.

यापुढे तू साक्षीदार आहेस. मला फोन करू नकोस, फोनची नोंद राहते. पत्रही नको. काय लिहायचं ते तू ठरव.

पद्मा


रायस्वाइक
२४ मार्च २०१४

पद्मा,

पत्र नको म्हणालीस तरी लिहितेय. एवढं एक.

आज सकाळी हेगला जाऊन वकिलातीत कागद दिला. तुला हवा होता तसा. आमच्या कुटुंबात वाढदिवस तिथीनं करतात, तिची अधिकृत तारीख एक जून हीच खरी आहे, शाळेबद्दल मी जे बोलले ती थट्टा होती. खाली सही. त्या माणसानं वाचलं, मान हलवली, धन्यवाद म्हणाला. त्याला ज्येष्ठ काय आणि कार्तिक काय! तू बरोबर होतीस, त्यांना तपासता येत नाही.

महिनाभर मी दोन्हीकडून विचार केला. सुदर्शन म्हणाला, तुला झोप लागेल ते कर. कशानंच लागत नव्हती. शेवटी ज्ञानदाकडे बघून ठरवलं. त्या हिवाळ्यातलं मला काही आठवत नाही, पण घरी परतले तेव्हा ती लठ्ठ झाली होती आणि तिला रामरक्षा पाठ होती. ते कर्ज नव्हतं, तू तसं म्हणायला नको होतंस. पण म्हणालीस, आणि मला नाही म्हणता आलं नाही.

तुझा काही फायदा झाला नाही, हे मात्र दुसऱ्या कुणाला सांग. अमेरिकेच्या शिष्यवृत्तीला एकवीस पूर्ण लागत होते. पाडव्याची पद्मजा तेव्हा वीसच वर्षांची होती. गेली ती एक जूनची. अर्ज मी आणि अण्णांनीच तर भरला होता.

परत येताना कोर्टात गेले, दुपारी काम होतं. एका पंजाबी बाईची साक्ष. "खरं तेच सांगेन" हे तिला हिंदीत सांगायचं होतं. रोजचं वाक्य. ते मी तिच्याकडे न बघता सांगितलं.

जा, हो मोठी न्यायाधीश. तुझ्यावर माझा राग आहे आणि दोन तारखेला सारा दिवस मी देवापुढे बसणार आहे. दोन्ही खरं आहे.

वसुताई


कोलंबस
२७ मार्च २०१४

ती. वसुताई,

हे पत्र तुला मिळेपर्यंत माझी सुनावणी होऊन गेलेली असेल. फोन करत नाही. साक्षीदाराशी ऐनवेळी बोलले, असं कुणी तुझ्याबद्दल म्हणायला नको.

तुझा कागद अजून गेला नसेल तर या दोन-चार दिवसांत जाईल. त्यात काय असेल ते मला पक्कं ठाऊक आहे. तू खरं लिहिणार. अण्णांची मुलगी म्हणून नाही, तर मला तुझा आवाज ठाऊक आहे म्हणून. तुझं फेब्रुवारीचं पत्र मी इतक्यांदा वाचलंय की त्याच्या घड्या फाटायला आल्यात. माझं गेलं पत्र मला आठवतं तेव्हा लाज वाटते. ज्ञानदाला मी मध्ये आणायला नको होतं.

गेला आठवडाभर मला सुनावणीची तालीम देतात. खोलीत नकली सिनेटर बसवतात, प्रश्न विचारतात. सोमवारी एकानं तोच निकाल काढला. गुलबर्ग्याचा. म्हणाला, याबद्दल तुमची पाठ थोपटली जाईल, तेव्हा नम्रपणे सांगा की कायद्यापुढे सगळे सारखे. मी ते वाक्य म्हटलं. चांगलं जमलं. सगळे खूश झाले. घरी येऊन मी तो निकाल पुन्हा काढून वाचला.

तू विचारलं होतंस, हात थांबला का? थांबला होता. थोडाच वेळ. मग मला वाटलं, मी जर याला सोडला तर लोक म्हणतील आपल्याकडचा म्हणून सोडला. म्हणून मी जास्तच कडक लिहिलं. दुसरा कुणी न्यायाधीश असता तर कदाचित त्याला विचारलं असतं, की बाबा, ही पद्धत नीट समजावून सांग. मी विचारलं नाही, कारण उत्तर मला ठाऊक होतं.

तर मी ठरवलंय. बुधवारी तो प्रश्न आला की मी स्वतःच सांगणार. माझीही तारीख शाळेची आहे, तेव्हा हे मी लपवलं, आणि तो निकाल आज मी तसा लिहिणार नाही. तुझा कागद माझ्याआधी बोलण्यापेक्षा मी आधी बोलते. यात धैर्य किती आणि भीती किती ते मला विचारू नकोस. पण आपण दोघी एकच गोष्ट सांगू, ही कल्पना मला बरी वाटते. कदाचित हसून सोडतीलही, तू म्हणाली होतीस तसं.

तुझी पद्मा


कोलंबस
१२ एप्रिल २०१४

ती. वसुताईस सा. न.

तू पंधरा वेळा फोन केलास. उचलला नाही, कारण तुला जे सांगायचं आहे ते ऐकलं असतं तर तिथंच कोसळले असते. आता सगळं संपलं आहे, म्हणून सावकाश लिहिते.

दोन तारखेला प्रश्न आला. एका सिनेटरनं निकालाचं कौतुक केलं, मी जे वाक्य म्हणायचं होतं ते म्हटलं नाही, ठरवलं होतं ते म्हटलं. मागे बसलेल्या अरुणलाही मी आधी सांगितलं नव्हतं. गंमत म्हणजे पहिल्या क्षणी वाईट झालं नाही. अध्यक्ष म्हणाले, हे सांगायला हिंमत लागते. दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रानं बाजूनं लिहिलं. माझे वकील म्हणाले, वादळ येईल, पण आपण टिकू. दुपारच्या टपालानं तुझं पत्र आलं.

चोवीस मार्चचं. पाकिटावर तुझं अक्षर बघून मी हसत उघडलं.

वसुताई, हे पत्र दोन दिवस आधी आलं असतं तर मी त्या खोलीत गप्प बसले असते. तुझ्यासाठी गप्प बसले असते, आणि आज नेमणूक जवळजवळ झाली असती. तुझा राग खरा मानून मी खरं बोलायला गेले, माझी विनवणी मनावर घेऊन तू खोटं लिहायला गेलीस.

चार तारखेला समितीच्या दोन वकिलांनी मला बंद खोलीत बोलावलं. टेबलावर तुझा कागद. वर तुझं नाव, हेगच्या कोर्टातली शपथबद्ध दुभाषी असं तू स्वतःच लिहिलंयस. त्यांनी शांतपणे विचारलं, तुम्ही परवा शपथेवर एक सांगितलंत, तुमच्या बहिणीनं सहीनिशी उलटं सांगितलंय. दोघींतलं कोण खोटं बोलतंय?

मला बाहेर पडायला वाट होती. बहीण वयस्कर आहे, तिचा गोंधळ झाला असेल, मला काही कल्पना नाही, असं म्हणता आलं असतं. माझ्या वकिलानं कानात तेच सांगितलं. मग त्यांनी तिथल्या वकिलातीमार्फत तुमच्या कोर्टाला कळवलं असतं आणि तुझी शपथ गेली असती. दहा वर्षं पोळ्या लाटून मिळवलेली.

मी म्हणाले, "तिनं मी सांगितलं तेच लिहिलं. तिथीचं कारण माझं. तिचा नकार होता, मी गळ घातली." त्यांनी विचारलं, याला पुरावा? म्हटलं, अठरा नोव्हेंबरचं माझं पत्र. मी फाडायला सांगितलं होतं. माझ्या बहिणीला फाडाफाडी जमत नाही.

माझा वकील उठून खिडकीपाशी गेला. जन्मतारखेची चूक माफ झाली असती, वसुताई. साक्षीदाराला खोटं शिकवणाऱ्या न्यायाधीशाला माफी नाही, असूही नये. संध्याकाळी मी नाव मागे घेतलं. काल जिल्हा न्यायाधीशपदाचा राजीनामा दिला. चेंबरमधून आईचा फोटो तेवढा आणला.

तुला कुणी विचारायला आलं तर ते पत्र दे. आता खरं सांग, सगळं. मी सगळं माझ्यावर घेतलं आहे, तू सुटशील.

तुझी पद्मा


रायस्वाइक
२६ एप्रिल २०१४

चि. पद्मास,

वसुताईचे अनेक, अनेक आशीर्वाद.

तुझं मार्चचं पत्र आम्हाला पाच एप्रिलला मिळालं. ते वाचून मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसले आणि सुदर्शनला म्हटलं, मी तिला मारलं. तेव्हापासून फोन करत होते.

मला विचारायला कुणी आलं नाही. मीच गेले. आधी वकिलातीत. तुझं पत्र त्या माणसाच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हटलं, हे तिनं सांगितलं, पण सही माझ्या हातानं केली, मला कुणी हात धरून करायला लावली नाही. मग तिथून सरळ कोर्टात, दुभाष्यांची यादी ठेवणाऱ्या कचेरीत, तेच सांगायला. तिथली बाई मला वीस वर्षं ओळखते. म्हणाली, तुम्ही हे सांगितलं नसतं तर कळलंही नसतं. मी म्हटलं, मला कळत होतं ना. चौकशी होईपर्यंत माझं नाव यादीतून काढलंय. बहुधा परत लागणार नाही. तू माझी शपथ वाचवायला स्वतःला जाळून घेतलंस, आणि मी ती नेऊन टेबलावर ठेवून आले. चिडू नकोस. ती वाचलेली शपथ घेऊन मी कुणासमोर उभी राहिले असते?

राग माझा आता कुणावरच नाही. अण्णांवर होता थोडे दिवस. पण त्यांनी एका पोरीचं वर्ष वाचवलं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

तू हल्ली वर्तमानपत्र उघडत नाहीस, असं अरुण म्हणाला. म्हणून हे मला सांगावं लागतंय. ज्ञानदानं काल संध्याकाळी फोन केला आणि पहिल्यांदा माझ्याशी सलग मराठीत बोलली, चुकत, अडखळत. त्या आचाऱ्याचं अपील अजून संपलेलं नाही. ते त्याच कोर्टात आहे, जिथं तू बसणार होतीस. त्याच्या वकिलानं गेल्या आठवड्यात नवा अर्ज दिला आहे आणि समितीपुढचं तुझं सगळं बोलणं त्याला जोडलं आहे, अशा तारखा आमच्या भागात लावायचे आणि मला ते ठाऊक होतं, इथपासून. पद्धतीचा पुरावा नव्हता, म्हणाली होतीस ना? आता आहे. पहिल्या पानावर तुझं नाव आहे. तिथले तीन न्यायाधीश ते वाचतील.

काल तुझ्यासाठी रडायचं होतं ते रडून झालं. आता तिकीट काढ आणि इकडे ये. माडीवरची खोली रिकामी आहे आणि माझ्याकडे सध्या वेळच वेळ आहे.

वसुताई